वाचक विचारतात : सब आउट आहे म्हणता, पण त्यातून येतं काय?

टू-चॅनल स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प एकाच डब्यात, डाव्या-उजव्या दोन स्पीकरसाठी) कोणता घ्यावा यावर पत्रं मागवली होती, तर चांगलाच ढीग पडला, आणि त्यातली बरीचशी पत्रं फिरून फिरून सबवूफरवरच येतात, म्हणजे फक्त बेस (खालचे सूर) वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरवर. तो जोडायची रिसीव्हरमागची पिन म्हणजे सब आउट. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून एकाच्या उत्तरात चारजणांचं काम होईल अशी निवडलीत. नावं छापत नाही, शहरातला भाग तेवढा देतोय.

प्रश्न (जुळे सोलापूर) : सर नमस्कार, माझा हॉल १० बाय १२ चा आहे, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, उंची पण १० फूट. पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर घेऊन ठेवलेत, आता रिसीव्हर घ्यायचाय. सोनीचा एसटीआर-डीएच१९० आणि यामाहाचा आर-एस२०२ हे दोन बजेटमध्ये बसालेत, पण दोघांनाही सब आउट नाही, आणि मला पुढंमागं दहा इंची सब लावायचाच आहे. मित्र म्हणालेत सब आउट नसलेला रिसीव्हर घेऊच नको, पैसे पाण्यात जातील. थांबून वरचं मॉडेल घेऊ का? आणि आवाजात खरंच फरक पडतो का?

उत्तर : मित्र अर्धं बरोबर बोलालेत. अर्धं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न बाकीच्या पत्रांतही आहे.

सब आउटच्या पिनमधून बाहेर काय येतं? डावा आणि उजवा चॅनल एकत्र करून मोनो केलेला सिग्नल, बहुतेक वेळा वरचा भाग फिल्टरनं कापलेला, आणि व्हॉल्यूम नॉबबरोबर वरखाली होणारा. साध्या स्टिरिओ रिसीव्हरमध्ये एवढंच असतं. मेन स्पीकरला मात्र पूर्वीसारखंच सगळं जातं, अगदी २० हर्ट्झपासून. म्हणजे सब लावला म्हणून तुमच्या पाच इंची वूफरचं ओझं काही कमी होत नाही, तो आपला धापा टाकत खालचे सूर काढायचा प्रयत्न करतच राहतो. आणि खालचे सूर फार महाग पडतात बघा, तेवढाच आवाज ठेवून एक सप्तक खाली गेलं की कोनला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला तो १ मिलिमीटर हलत असेल तर ४० ला ४ मिलिमीटर. छोट्या वूफरचा आवाज तिथंच फाटतो, आणि मग गाणाऱ्याचा आवाजही गढूळ येतो कारण तोही त्याच कोनमधून निघतोय.

खरा फरक पडतो तो रिसीव्हर मेन स्पीकरचा खालचा भाग कापून फक्त सबकडे पाठवतो तेव्हा. याला बेस मॅनेजमेंट म्हणतात. मेनूमध्ये स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचं सगळं सबकडे जातं ती रेषा) किती हर्ट्झ, असं विचारलं की समजायचं ही सोय आहे. एव्ही रिसीव्हरमध्ये (टीव्ही-सिनेमासाठीचे, जास्त चॅनलचे) ही गोष्ट वर्षानुवर्षं आहे, साधारण ८० हर्ट्झवर ठेवतात. टू-चॅनलमध्ये मात्र ती मोजक्यांनाच मिळते. मरांट्झ एनआर१२०० मध्ये आहे, डेनॉन डीआरए-८००एच मध्ये आहे, या दोघांना तर दोन-दोन सब आउट आहेत, आणि विम ॲम्प नावाचा छोटा डबा आहे त्यातही ॲपवरून क्रॉसओव्हर लावता येतो (त्यात रेडिओचा ट्यूनर नाही, त्यामुळे त्याला रिसीव्हर म्हणावं का हा वेगळा वाद). यामाहाच्या ए-एस३०१ आणि ए-एस५०१ या ॲम्पना सब आउट आहे पण मेन कापायची सोय नाही. म्हणून दुकानात ‘सब आउट आहे का’ एवढंच विचारून थांबू नका, ‘सब लावल्यावर मेनचा बेस कट होतो का’ हे विचारा, आणि समोरचा गोंधळला तर सरळ कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घ्या.

आता तुमचे दोन. सब आउट नाही म्हणून ते बाद होत नाहीत. बऱ्याच चांगल्या ॲक्टिव्ह सबला (स्वतःचा ॲम्प आत असलेल्या) मागे स्पीकर वायर लावायची जागा असते, तिला हाय लेव्हल किंवा स्पीकर लेव्हल इनपुट म्हणतात. रिसीव्हरच्या ज्या टर्मिनलला स्पीकरची वायर आहे त्याच टर्मिनलमधून अजून एक जोडी वायर काढायची आणि सबला न्यायची. सबचा इनपुट सिग्नल फक्त चाखतो, करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे रिसीव्हरवर लोड येत नाही. रिसीव्हरला स्पीकरची ए आणि बी अशी दोन टर्मिनल असतील तर सब बी ला लावायच्या भानगडीत पडू नका, कारण काही मॉडेलमध्ये ए आणि बी एकत्र चालू केले की आत सिरीजमध्ये जोडले जातात आणि मग मेन स्पीकरच गप्प होतात. ए लाच दोन्ही वायरी घाला, पिळून नीट, एक तारसुद्धा शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये. फक्त एक सांभाळा, काही क्लास डी (कमी तापणाऱ्या पद्धतीच्या) ॲम्पचे निगेटिव्ह टर्मिनल हे ग्राउंड नसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे निगेटिव्ह एकत्र बांधायचे असतील तर आधी दोन्ही मॅन्युअल बघा, नाहीतर ॲम्प जाईल. सब घ्यायला जाल तेव्हा हा हाय लेव्हल इनपुट आहे का तेवढं पहिलं बघा, स्वस्तातल्या काहींना नसतो.

कुणी सांगेल की रेक आउट (रेकॉर्डिंगसाठीची पिन) किंवा लाइन आउटला सब लावून टाका. लावू नका. तिथून सिग्नल ठरावीक लेव्हलनं येतो, व्हॉल्यूम नॉबचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही आवाज कमी कराल आणि सब आपला घुमतच राहील.

मग आवाजाचं? या दोघांत सब लावल्यावर तुम्हाला आंधळ्या टेस्टमध्ये फरक ओळखता येईल असं मला वाटत नाही. सोनीला फोनो इनपुट आहे, यामाहाच्या या मॉडेलला नाही, त्यामुळे घरात जुन्या तबकड्या आणि टर्नटेबल असेल तर सोनी. नसेल तर जो हाताला बरा वाटेल तो. मी तुमच्या जागी असतो तर तिसराच विचार केला असता, बजेटमध्ये बसला तर साधा एव्ही रिसीव्हर, यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ सारखा, आणि त्याचे बाकीचे चॅनल मोकळे ठेवले असते. क्रॉसओव्हर मिळतो, खोली मोजायचा माइक डब्यातच येतो. ‘एव्हीवर गाणी चांगली वाजत नाहीत’ हे मोठ्या थाटात सांगणारे बरेच भेटतील, पण १० बाय १२ च्या खोलीत, घरात बाकी माणसं राहतायत अशा आवाजात, ८० हर्ट्झला नीट कापलेला सब त्या वादापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतो.

आणि तुमच्या खोलीचं मला जास्त टेन्शन आहे, रिसीव्हरचं नाही. प्रत्येक खोली काही ठरावीक सुरांना घुमते. हिशोब सोपा आहे, ११३० ला भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या फुटांच्या दुपटीनं भागा. १२ फुटाला साधारण ४७ हर्ट्झ येतं, १० फुटाला साडेछप्पन. तुमची रुंदी १० आणि उंचीपण १०, म्हणजे साडेछप्पनवर दोन बाजूंनी घुमणार, त्यात भर फरशी आणि स्लॅबची. (उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर गेला की हवेत आवाज जरा जोरात पळतो आणि हे आकडे एखाद-दोन हर्ट्झनं वर सरकतात, पण त्यानं काही बिघडत नाही.) यावर भिंतीला सोलापुरी चादर टांगून उपयोग नाही, चादरीनं टाळ्यांचा प्रतिध्वनी आणि वरचा चरचराट जरा कमी होईल, बेसला ती दिसतसुद्धा नाही. बेससाठी सबची जागा बदलणं हाच उपाय. सब उचलून तुम्ही बसता त्या खुर्चीवर किंवा सोफ्यावर ठेवा, बेसचं एकच गाणं रिपीटवर लावा आणि खोलीच्या कडेनं गुडघ्यावर रांगत जा, कान सबच्या उंचीला. जिथं बेस सगळ्यात साफ, ना फुगलेला ना गायब, तिथं सब ठेवायचा. घरचे हसतील, हसू देत.

शेवटी नॉब. रिसीव्हर मेन कापत नसेल तर सबवरचा क्रॉसओव्हर ५० ते ६० च्या आसपास सुरू करा, तुमचे स्पीकर जिथं खाली उतरायला लागतात तिथं. रिसीव्हर कापत असेल तर सबचा हाच क्रॉसओव्हरचा नॉब एकदम वर किंवा एलएफईवर (सबचा स्वतःचा फिल्टर बंद ठेवणारी जागा), नाहीतर एकाच सिग्नलला दोनदा चाळणी लागते आणि मधेच खड्डा पडतो. फेजचं (सबची लाट मेनच्या लाटेशी जुळवायचं) बटण ० आणि १८० वर फिरवून बघायचं, जिकडं बेस भरीव येईल तिकडं ठेवायचं, यात शास्त्र काही नाही.

प्रश्न (मुरारजी पेठ) : घरात जुन्या होम थेटरचा वूफर पडून आहे, डबा मोठा आहे, आवाज भारी होता. नवीन रिसीव्हरच्या सब आउटला लावू का, त्याला फक्त दोन वायरी आहेत.

उत्तर : नाही वाजणार. दोन वायरी म्हणजे तो पॅसिव्ह आहे, त्याचा ॲम्प त्या जुन्या डीव्हीडीवाल्या युनिटमध्ये होता. सब आउट हा लाइन लेव्हल असतो, त्यात वूफर हलवायची ताकद नाही. मधे लो-पास फिल्टर असलेला मोनो ॲम्प टाकला तर वाजेल, पण त्या डब्यांचे वूफर बऱ्याचदा ३-४ ओमचे असतात तेव्हा मागचं लेबल बघून ॲम्प घ्या. रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलला तो मेन स्पीकरबरोबर जोडू नका, ओम खाली येऊन रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाईल. खरं सांगू का, एवढा खटाटोप करून ते जुनं खोकं जो आवाज काढेल त्यापेक्षा थोडं थांबून ॲक्टिव्ह सब घेतलेला परवडेल.

प्रश्न (नवी पेठ) : एका रिसीव्हरवर १०० वॅट लिहिलंय, दुसऱ्यावर ४५ वॅट, भाव जवळपास सारखा. दुसरा घेणारा येडा आहे का?

उत्तर : नाही, आकड्याच्या पुढचं बारीक अक्षर वाचा. ‘८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल चालू, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन’ असं लिहून ४५ वॅट देणारा प्रामाणिक आहे. ‘६ ओम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल, १० टक्के डिस्टॉर्शन’ असं लिहिलं की तेच मशीन कागदावर १०० च्या घरात जाऊ शकतं. १० टक्के डिस्टॉर्शनवर कुणी गाणं ऐकत नाही, शिवी ऐकू येते. पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) लिहिलं असेल तर तो आकडा सरळ विसरून जा.

आणि खरोखर दुप्पट वॅट असले तरी फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. घरात आपण ऐकतो ते बहुतेक वेळा एक-दोन वॅटवर, ठोका पडला की क्षणभर वर जातं. त्यात सबला स्वतःचा ॲम्प असतो आणि मेन ८० ला कापलेले असले तर रिसीव्हरला कामच कमी उरतं. ४५ पुरे.

प्रश्न (होटगी रोड) : नमस्कार, मुलानं सबवूफर आणलाय. आवाज अगदी कमी ठेवतो तरी खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करतात, आणि मोबाइलच्या ॲपवर तर ४५ च्या खालीच दाखवतं. खाली रबर लावलं, दाराला चादर लावली. मुलगा म्हणतो आई त्यांना सवयच आहे बोलायची. खरं कोण?

उत्तर : ताई, काकू खऱ्या. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी २८ फुटांच्या आसपास असते, तिला चादर आणि दार म्हणजे काहीच नाही, स्लॅबमधून सरळ खाली उतरते. रबरानं किंवा फोमनं डब्याची थरथर फरशीत जायची तेवढी थांबते, हवेतून जाणारं नाही.

ॲपचं कोडं असं आहे. मीटर बहुतेक वेळा ‘ए’ मोजमापावर असतं, ते खालचे सूर मुद्दाम कमी धरतं, ४० हर्ट्झ तर जवळजवळ ३५ डेसिबलनं कमी. शिवाय मोबाइलचा माइक बेसला कच्चाच. म्हणून आकडा छान दिसतो आणि खाली काकूंची भांडी वाजतात. रहिवासी भागासाठी २००० च्या नियमात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, तीही याच ए मोजमापात, त्यामुळे नियमात बसूनही शेजाऱ्याची झोप मोडता येते.

मुलाला सांगा सब कोपऱ्यातून काढ, कोपऱ्यात बेस सगळ्यात जास्त फुगतो. सोफ्याच्या जवळ ठेवला तर लेव्हल बरीच खाली आणूनही त्याला तेवढंच ऐकू येईल. आणि रात्री सब बंदच. कमी आवाजात आपल्या कानाला बेस कमीच ऐकू येतो, त्यासाठी काही रिसीव्हरना लाउडनेसचं बटण असतं, सब बंद असताना ते दाबून बघा, छोट्या स्पीकरवर गाणं पातळ वाटणार नाही. आणखी एक, हळू आवाजात काही सब मधेच झोपतात आणि अचानक धप्पकन जागे होतात, तो ऑटो स्टँडबायचा खेळ आहे, मागचं बटण ‘ऑन’वर ठेवायचं आणि रात्री हातानं बंद करायचा. काकूंना एकदा वर बोलवून सबची जागा त्यांच्यासमोरच ठरवलीत तर अजून बरं.

प्रश्न (अक्कलकोट रोड) : आमच्या घराला लागूनच पॉवरलूमचा शेड आहे, दिवसभर खटखट चालू असते. डॅक १९२ वाला घ्यावा का ३८४ वाला? साउंड क्वालिटी कुठल्याची?

उत्तर : भाऊ, डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा स्पीकरसाठी सिग्नल बनवणारा भाग, आणि लूम चालू असताना दोन्ही एकच. साधी सीडी, १६ बिट ४४.१, तिचीच रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) ९६ डेसिबल आहे, एकदम शांत खोलीतसुद्धा ती पूर्ण वापरली जात नाही, तुमच्याकडं तर खालचा भाग लूमनंच खाऊन टाकलाय. डॅकवर एक रुपया जास्त घालू नका. हेच पैसे स्पीकरमध्ये घाला, आवाजातला मोठा फरक तिथूनच येतो, मग खोली, मग सब कुठं ठेवलाय ते, आणि डॅक लई खाली. शेडकडच्या भिंतीला पाठ करून नाही, तर स्पीकर त्या भिंतीला आणि तुम्ही समोर, असं एकदा बसून बघा.

प्रश्न (विजापूर रोड) : प्युअर डायरेक्ट दाबलं की माझा सब बंद पडतो. मशीन खराब आहे का?

उत्तर : नाही. त्या मोडमध्ये बऱ्याच मशीन आतलं डिजिटल काम बाजूला ठेवतात, आणि क्रॉसओव्हर त्याच कामात येतो, म्हणून सबला सिग्नल जात नाही. नुसत्या ‘स्टिरिओ’वर ठेवा. प्युअर डायरेक्ट हे सब नसलेल्यांसाठी.

प्रश्न (बाळे) : भाचा अमेरिकेतून येणार आहे, तिकडं रिसीव्हर स्वस्त पडतो म्हणे. मागवू का?

उत्तर : नको. तिकडचं मॉडेल १२० व्होल्टचं, आपल्याकडं २३०, सरळ लावलं तर पहिल्या मिनिटात धूर. चांगला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, तो जड आणि त्याची स्वतःची गुणगुण वेगळी. इथं वॉरंटी सहसा चालत नाही. आणि एक गंमत कुणी सांगत नाही, अमेरिकन एफएम ट्यूनर ०.२ च्या पायरीनं चालतो आणि पॉइंटनंतर फक्त विषम अंक घेतो. आपल्याकडं ज्या स्टेशनच्या आकड्यात पॉइंटनंतर सम अंक येतो ते त्यावर नीट लागणारच नाही, मेनूत पायरी बदलायची सोय असेल तरच. भाच्याला म्हणावं चॉकलेट आण.

प्रश्न (अशोक चौक) : सब जोडला की ‘हूंऽऽ’ असा आवाज सतत येतो, गाणं नसलं तरी. रिसीव्हर बदलावा का? रिसीव्हर शोकेसमध्ये आहे, गरम पण होतो. मेकॅनिक म्हणतो सबच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका.

उत्तर : अर्थची पिन काढू नका, ती जीव वाचवायला असते, गुणगुण घालवायला नाही. हा ग्राउंड लूप आहे, म्हणजे जोडलेल्या मशीनचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं गेलं की येणारी गुणगुण. आधी सबची सिग्नलची पिन काढून बघा, आवाज गेला तर सब चांगला आहे. मग सब, रिसीव्हर, टीव्ही सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. तरीही असेल तर सेटटॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याच घरात चोर तोच निघतो, बाहेरून आलेल्या केबलचं अर्थिंग वेगळं असतं. केबल काढल्यावर थांबलं तर त्या केबलवर आयसोलेटर टाका, नाहीतर सबच्या वायरमध्ये ऑडिओचा ग्राउंड लूप आयसोलेटर, पण स्वस्तातला घेतला तर बेसच खातो.

शोकेसची काच मात्र आजच काढा. क्लास एबीचा (नेहमीच्या, जास्त तापणाऱ्या पद्धतीचा) रिसीव्हर गरम होणारच, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं खोलीच ४० ला टेकते, वर आणि बाजूला मोकळी जागा हवी, त्याच्यावर सेटटॉप बॉक्स तर अजिबात ठेवायचा नाही.